गेटवरची सावली

१

"सापडत नाहीये," धाकटी म्हणाली, आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

बारा वर्षं ती घरच्या फोटो स्टुडिओतल्या या अंधाऱ्या खोलीत बसून फोटो सुधारत होती. भिंती राखाडी, पडदे ओढलेले, स्क्रीन मंद. रंग जसे आहेत तसेच डोळ्यांना दिसावेत म्हणून हा सगळा बंदोबस्त. या बारा वर्षांत तिच्या हातून एक फाइल म्हणून हरवली नव्हती. आणि आज स्क्रीनवर तीनशे बारा फोटोंचे छोटे छोटे चौकोन होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक प्रश्नचिन्ह. मूळ फाइल जागेवर नाही. फोल्डर उघडावं तर आत शुकशुकाट.

मागच्या खुर्चीत नर्सबाई बसल्या होत्या. ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत तशाच आलेल्या, गणवेशावर स्वेटर, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला भला मोठा फोटो.

"पण तुम्हीच म्हणालात ना, मूळ फाइल कायम असते?"

"असते हो. असायलाच हवी." धाकटीनं खुर्ची वळवली. "रॉ फाइल म्हणतो आम्ही तिला. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते, जसंच्या तसं. आम्ही उजेड वाढवतो, रंग ठीक करतो, तिरकं असेल ते सरळ करतो. पण हे सगळं त्या फाइलवर करत नाही. तिच्या शेजारी एक चिठ्ठी असते असं समजा. इतका उजेड वाढवा, इतकं कापा, असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं. ती चिठ्ठी वाचून नवा फोटो तयार होतो आणि तो गिऱ्हाइकाला जातो. मूळ फाइल तशीच राहते. तिला खोटं बोलताच येत नाही."

"तेच हवंय मला," नर्सबाई म्हणाल्या. "खोटं न बोलणारं काहीतरी."

त्यांचे वडील एका कारखान्याच्या गेटवर सव्वीस वर्षं पहारेकरी होते; सगळे त्यांना काका म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून समारंभ झाला. फोटो याच स्टुडिओनं काढले. त्याच दिवशी स्टोअरमधली मोजमापाच्या नाजूक यंत्रांची एक पेटी गेली. बाहेर जायला वाट एकच, ती गेटातून. काका म्हणाले, मी जागचा हललो नाही, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. त्यांच्या नोंदवहीतलं त्या वेळचं पान कोरंच होतं. मग कोणाचं तरी लक्ष सूचना फळ्यावरच्या मोठ्या फोटोकडे गेलं. गच्चीवरून काढलेला, सगळं आवार, सगळी माणसं. लांब मागे गेट. गेटवर चिटपाखरू नाही.

"आधी बाबा ठाम होते," नर्सबाई म्हणाल्या. "मग साहेबांनी त्यांच्यासमोर हा फोटो धरला. त्या दिवसापासून म्हणतात, फोटो कशाला खोटं बोलेल? माझंच डोकं गेलं असेल. आता घराची कडी लावली की किती वाजता लावली ते वहीत लिहितात. लिहून झालं की उठून परत बघतात. काल मला विचारलं, मी जेवलो का गं?" त्यांनी मांडीवरचा फोटो सावरला. "उद्या अकराला चौकशी आहे. नोकरी गेली तर जाऊ दे हो. मला माझे बाबा परत हवेत."

धाकटीनं पुन्हा एकदा फोल्डर उघडून पाहिलं.

"मी मागच्या सोमवारी फोनही केला होता इथे. कोणी पुरुष होते. बघून सांगतो म्हणाले. सांगितलंच नाही."

हे धाकटीला नवीनच होतं. पण तो विचार करायला सवड नव्हती. प्रत्येक कामाची दुसरी प्रत एका लोखंडी डबीत, म्हणजे सुट्या हार्ड डिस्कमध्ये, ठेवायची, ही स्टुडिओची रीत. संगणक बिघडो, जळो, डबी शाबूत. तिनं मागच्या फळीकडे हात नेला. डब्या ओळीनं होत्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी.

त्या तारखेच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन होता. डबी नव्हती.

२

आता अशा वेळी पोलिसात जावं, तर पोलीस विचारणार, काय गेलं? सांगणार काय, एक न दिसणारा माणूस? म्हणून धाकटी आत्याकडे गेली.

आत्या फार लांब नव्हती. काउंटरवरच बसली होती, पेपरमिंट चघळत. बत्तीस वर्षं तिनं खोट्या सह्या पकडण्याची नोकरी केली होती. मृत्युपत्रं, खरेदीखतं, कोणाचा बाप मेल्यावर तीन दिवसांनी सही करून गेला वगैरे. निवृत्त झाल्यावर घरी बसून भाचरांच्या चुका काढत बसण्यापेक्षा स्टुडिओत बसून काढीन म्हणाली, आणि आली. भिंग मात्र सोबत घेऊन आली.

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं फोटो टेबलावर पसरला आणि भिंग काढलं.

"गेट हे. शेजारी ही कोरी भिंत. खरंच की, इथं कोणी नाही." बराच वेळ ती वाकून बघत राहिली. नर्सबाईंचा चेहरा पडत चालला. "धाकटे, ऊन कुठल्या बाजूनं होतं?"

"डावीकडून. सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात बघ."

"सगळ्यांच्या. बरं. मग ही कोणाची?"

धाकटी वाकली. गेटच्या उजव्या अंगाला जमिनीवर एक बारीक काळी रेघ होती, नखाएवढी. एका टोकाला ती जराशी रुंद होती. टोपी घातलेल्या डोक्यासारखी. आणि दुसऱ्या टोकाला, जिथे पाय असायला हवेत तिथे, नुसती स्वच्छ भिंत.

"खांब नाही, झाड नाही," आत्या म्हणाली. "माणूस नाही आणि सावली आहे. माणसाला उचलायचं तर त्याची सावलीही न्यावी एवढं भान उचलणाऱ्याला राहिलं नाही."

नर्सबाई ताडकन उठल्या. "मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते!"

"थांबा. ही सावली घेऊन गेलात तर साहेब म्हणतील, डाग आहे. मूळ फाइल हाती लागू दे. संध्याकाळपर्यंत कळ काढा, आम्ही स्वतः घरी येतो."

बोलणं शहाणपणाचं होतं. नर्सबाईंनी मान डोलावली आणि ड्यूटी होती म्हणून तशाच निघाल्या. पुढे कितीतरी दिवस आत्या या शहाणपणाबद्दल स्वतःला बोल लावत राहिली, पण त्या वेळी कोणाला काय माहीत?

दार लागल्यावर आत्या म्हणाली, "हे बाहेरच्याचं काम नाही, धाकटे. मूळ फाइल कुठे असते, डबी कुठे असते, हे घरातल्यालाच ठाऊक. आणि घरात तुम्ही तिघं सोडून दुसरं कोण आहे?"

"तिघं?"

"दादा, मेहुणे आणि तू. मला तर तो संगणक चालू कुठून करतात तेही कळत नाही."

३

मेहुणे म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, बायकोचे भाऊ, आणि त्यामुळे अख्ख्या स्टुडिओचे मेहुणे. गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना मेहुणेच म्हणायची. यंत्रं, तारा, प्रिंटर, डब्या हे त्यांचं खातं. माणूस हुशार, पण गेल्या मंगळवारपासून धाकटी आणि ते बोलत नव्हते. एकमेकांना निरोप द्यायचे ते भिंतीला.

"मेहुणे, कारखान्याच्या फाइली कुठे आहेत?" आत्यानं सरळच विचारलं.

"मला काय विचारता? मी कार्डावरून संगणकावर घेतल्या, डबीत घेतल्या, दोन्हीकडच्या मोजल्या, मग कार्ड रिकामं केलं. नेहमीसारखं."

"फळ्यावरचा तो मोठा फोटो कोणी करून दिला?"

मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच दिला. त्यात काय? तिथला स्टोअरकीपर माझ्या शाळेतला मित्र आहे. म्हणाला, एक मोठा करून दे, फळ्यावर लावू. दिला. वहीत नाही लिहिलं, चुकलं माझं."

"स्टोअरकीपर. म्हणजे ज्याच्या ताब्यातली पेटी गेली तोच?"

मेहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आत्या, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"अजून नाही. सोमवारी कोणा बाईंचा फोन घेतला होतात?"

"मी सोमवारी दिवसभर प्रिंटर उघडून बसलो होतो. विचारा हिला. पण ही कशाला सांगेल? मंगळवारी सकाळी आल्या आल्या माझ्यावर तोंड सोडलं हिनं, न केलेल्या गुन्ह्याबद्दल."

"स्क्रीनशी खेळायचं काय कारण होतं?" धाकटी भिंतीला म्हणाली.

"मी हातसुद्धा लावला नव्हता!" मेहुणेही भिंतीलाच म्हणाले.

तेवढ्यात दादा आला. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, आणि ती खाली ठेवताना रोजच्यापेक्षा जरा जास्तच जपून ठेवली. दादा उंचीनं बेताचा. उंच माणसांच्या फोटोत सगळ्यांच्या नाकपुड्या दिसतात, हा त्याचा जुना विनोद. काउंटरवर पडलेला एक पासपोर्ट फोटो उचलून त्यानं ट्यूबलाइटच्या जवळ नेला आणि डोळे बारीक करून पाहिला. मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

"थोरल्या, त्या कारखान्याचे फोटो आठवतात?"

"आठवतात की. का?" पण का हे त्यानं फोटोकडे बघतच विचारलं.

"तो वरून काढलेला. एवढ्या उंचावरून कसा काढलास रे बुटक्या?"

आत्यानं बुटक्या म्हटलं की दादा हसायचा. आज कसंनुसं हसला. "गच्चीवरून. तिथला कठडा माझ्या हनुवटीपर्यंत. मग दोघांनी कुठूनशी एक लाकडी पेटी आणून दिली, चांगली जड होती. तिच्यावर चढून काढला."

"आणि डबी कुठे गेली?"

"असेल कुठेतरी," दादा म्हणाला, आणि बॅग उचलून आत गेला.

आत्यानं नवीन पेपरमिंट तोंडात टाकली. "आता राहिलीस तू."

"मी?" धाकटी हसली. "बरं, विचार."

"त्या दिवशीचं काम कसं केलंस? पहिल्यापासून सांग."

"नेहमीसारखंच. सहाशे चाळीस फोटो आले. डोळे मिटलेले, हललेले बाजूला काढले, तीनशे बारा उरले. मग पहिला फोटो नीट केला. चेहरे पिवळट होते ते काढले, उजेड थोडा वाढवला, सरळ केला. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धुळीचा कण बसला होता, त्याचा काळा ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्याकडे येत होता. तो पुसला. म्हणजे शेजारचा तुकडा आणून वर लावायचा, ठिगळासारखा. मग पहिल्याची चिठ्ठी उरलेल्या सगळ्यांना चिकटवली. एकाचं औषध सगळ्यांना. नाहीतर तीनशे फोटो कधी व्हायचे?"

"आणि मग एकेक तपासलास?"

"एरवी तपासते," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी संध्याकाळी पाचला द्यायचे होते."

आत्यानं विचारलं, "त्या समारंभाचे आणखी प्रिंट आहेत का गं घरात?"

४

होते. अल्बमसाठी काढलेले वीस-बावीस प्रिंट पाकिटात पडून होते. आत्यानं ते मागच्या खोलीतल्या जुन्या उजेडाच्या टेबलावर नेले. फिल्मच्या काळातलं टेबल, दुधी काच आणि खाली दिवे. आता त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे.

"खोट्या सह्या कशा पकडायच्या ठाऊक आहे?" आत्या म्हणाली. "एकीवर एक ठेवायच्या. खरी सही दोनदा सारखी येत नाही. तंतोतंत जुळल्या की समजायचं, कोणीतरी गिरवलंय."

तिनं मोठ्या फोटोवर पट्टी धरून गेटची जागा मोजली. उजव्या कडेपासून किती, वरून किती. मग त्याच हिशेबानं प्रत्येक छोट्या प्रिंटवर पेन्सिलीनं हलकासा गोल काढला आणि एकेक धाकटीच्या पुढे सरकवला.

पहिल्यात साहेब भाषण करत होते. गोलात दिव्याचा खांब होता, खांबावर दिवा नव्हता.

दुसऱ्यात बक्षीस वाटप. गोलात गर्दीतला कोणाचा तरी वर केलेला हात होता. मनगट होतं, पंजा नव्हता.

तिसऱ्यात एका छोट्या मुलीच्या हातातून वर गेलेला दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला फुगा नव्हता.

धाकटीनं चौथा फोटो घेतलाच नाही. घ्यायची गरज नव्हती. धुळीचा कण काचेवर एकाच जागी बसलेला असतो, म्हणून ठिपका प्रत्येक फोटोत एकाच जागी येतो. आणि ठिगळही प्रत्येक फोटोत एकाच जागी पडतं. तिथे आकाश असेल तर बिघडत नाही, कोणाला कळतही नाही. पण गच्चीवरून काढलेल्या त्या एका फोटोत तिथे आकाश नव्हतं. तिथे टोपी घातलेला, लांबून मुंगीएवढा दिसणारा एक माणूस उभा होता. सव्वीस वर्षं जिथे उभा राहायचा तिथेच.

यंत्रानं शेजारची भिंत उचलून त्याच्यावर लावली. सांगितलंच होतं तसं. तिनंच सांगितलं होतं.

"आत्या," ती म्हणाली. "त्यांना कोणी मुद्दाम नाही पुसलं. मी पुसलं. मला माहीतसुद्धा नव्हतं ते तिथे आहेत."

ती तिथेच खाली बसली. तिला ते काका कधी भेटले नव्हते, त्यांचा चेहराही ठाऊक नव्हता. त्यांचं वाईट करायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते आपल्याच घराची कडी उठून उठून बघत होते.

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडायला पुढं खूप वेळ आहे. पुसलंस तू, ते कळलं. पण लपवलं कोणी?"

५

"मेहुण्यांशी का बोलत नाहीस?"

"आत्या, आत्ता ते काय?"

"आत्ताच सांग."

"मंगळवारी सकाळी आले तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला. डोळे दिपले माझे. सगळे रंग चुकले असते. त्यांच्याशिवाय त्या यंत्राला कोण हात लावतं?"

"मेहुण्यांनीच तो उजेड यंत्रानं मोजून बसवलाय ना? त्यावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं कोणी लिहिलंय?"

"त्यांनीच."

"मग ते कशाला वाढवतील? तुला उजेड कमीच लागतो. मला संगणक चालू करता येत नाही. सोमवारी फोन आला, पुरुषानं घेतला. मंगळवारी सकाळी स्क्रीन उजळलेला. मधल्या वेळात कोणीतरी येऊन ते फोटो पाहिलेत, धाकटे. असं कोणीतरी, की ज्याला पूर्ण उजेडाशिवाय दिसतच नाही."

बाहेर ट्यूबलाइटखाली दादा उभा होता. हातात फोटो नव्हता, नुसताच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो आत आला, बॅग उघडली, लेन्सच्या खालून लोखंडी डबी काढली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली.

"बाईंनी फोनवर सांगितलं, गेटवर बाबा दिसत नाहीत. मला वाटलं, बघू तरी. उघडलं. तुझी चिठ्ठी काढली की काका दिसतात, टोपीसकट. चिठ्ठी घातली की जातात. मला दरदरून घाम फुटला. लोक म्हणाले असते, हिनं मुद्दाम पुसलं. बारा वर्षांचं तुझं नाव एका दिवसात मातीत गेलं असतं. म्हणून संगणकावरच्या फाइली काढल्या आणि डबी बॅगेत टाकली. पुसून टाकायला मात्र हात धजावला नाही."

"आठ दिवस, दादा."

"वाटलं, चौकशी आपोआप मिटेल. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

त्याच्यावर ओरडावं असं धाकटीला फार वाटलं. पण ओरडणार कोणावर? तिच्यासाठीच केलं होतं त्यानं. मोतीबिंदूनं भरलेल्या डोळ्यांनी तो तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं.

आत्या मात्र अजून थांबली नव्हती. "थोरल्या, तू उभा राहिलास ती पेटी खाली कोणी आणली?"

"मला काय माहीत? तिथेच असेल."

"काका गेटवर होते, हे आता आपल्याला कळलं. गेटातून काही बाहेर गेलं नाही, हेही ते पहिल्यापासून सांगतायत. मग पेटी आतच असणार, नाही का? लाकडी, जड, दोघांनी उचलावी अशी. मेहुणे! तुमच्या मित्राला फोन लावा. म्हणावं, गच्चीवर बघितलंस का?"

मेहुण्यांनी लावला. वीस मिनिटांनी उलट फोन आला. समारंभानंतर गच्चीला कुलूप घातलं होतं, ते कोणी उघडलंच नव्हतं. कठड्याशी पेटी होती. कुलूप शाबूत, आतली यंत्रं शाबूत. झाकणावर दादाच्या बुटांचे ठसे. तीन आठवडे ज्या पेटीचा शोध चालला होता, तिच्यावर उभं राहूनच तो फोटो काढला होता.

"सुटलं!" मेहुणे ओरडले, आणि आनंदाच्या भरात धाकटीशी थेट बोलले. "अगं, बघत काय बसलीस? लॅपटॉप घे, निघ!"

६

नर्सबाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. दार त्यांनीच उघडलं. आत्यानं उंबऱ्यावरूनच सांगून टाकलं, पेटी सापडली, फाइल सापडली, सगळं सगळं.

नर्सबाईंनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"साहेबांचा फोन येऊन गेला आत्ताच. चूक झाली म्हणाले, उद्यापासून कामावर पाठवा म्हणाले." त्यांनी दाराची चौकट धरली. "पण दुपारी त्यांनी माणूस पाठवला होता. मी ड्यूटीवर होते. बाबांनी लिहून दिलं. गेट माझ्याकडून सुटलं असेल, मला आठवत नाही, आता हे काम माझ्याच्यानं होणार नाही, असं."

"कागद फाडतील ते," आत्या म्हणाली.

"फाडतील हो. बाबा नको म्हणतात."

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. पाहुणे बघून उठले, दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. डोक्यानं गेलेल्या माणसासारखं त्यांच्यात काही म्हणता काही नव्हतं.

धाकटीनं लॅपटॉप उघडला. "काका, माझी चूक झाली. हे बघा. हा तुमचा फोटो. ही माझी चिठ्ठी काढली." तिनं कळ दाबली. कोऱ्या भिंतीपुढे टोपी घातलेला माणूस उभा राहिला, हात पाठीमागे, तोंड रस्त्याकडे. "हे तुम्ही. तुम्ही तिथेच होतात. आणि ही चिठ्ठी घातली की असे जाता. बघा. काढली, आलात. घातली, गेलात."

काका पुढे वाकून बघत होते. ते आले, गेले, पुन्हा आले.

"वा," ते म्हणाले. "काय सुंदर घातलंत मला! अगदी खरं वाटतं."

"नाही हो काका, घातलं नाही! हेच खरं आहे. पुसलं होतं ते खोटं."

"तेही खरंच वाटत होतं, पोरी."

धाकटीनं पुन्हा तोंड उघडलं. मूळ फाइल, चिठ्ठी, धुळीचा कण, तिला सगळं सांगायचं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडानं? माणूस एका बोटानं आणता येतो आणि एका बोटानं नेता येतो, हे तिनंच आत्ता त्यांना दाखवलं होतं. आत्याकडे पाहिलं तर आत्या आपलं भिंग हातात फिरवत खाली बघत होती.

"रडू नकोस," काका म्हणाले. "तू काय मुद्दाम केलंस? माझ्या मुलीला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात, हे काय थोडं झालं?"

मग ते उठले, दाराची कडी बघून आले, आणि फळीवरची वही काढली. गेटवर ठेवायचे तशीच वही होती, रेघा मारलेली, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. घड्याळ बघून त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वही धाकटीसमोर धरली.

"बरोबर लिहिलंय का बघा, आणि खाली सही करा. माझा मला भरवसा नाही."

सहा वाजून दहा मिनिटं, तिनं वाचलं. फोटोच्या दोन बायका आल्या. मी गेटवर होतो म्हणतात.

तिनं "म्हणतात" हा शब्द खोडायला पेन उचललं. काका भीतीनं तिच्या हाताकडे बघत होते, आणखी काही पुसलं जाईल की काय म्हणून. तिनं पेन खाली नेलं आणि सही केली.